तिसावा दिवस उलटेपर्यंत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरचे नाहीत, नात्यातले नाहीत, उद्या एखाद्या लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसणार नाहीत. आणि बसलातच, तर मी उठून जाईन.

तसं बघायला गेलं तर गोष्ट एका कुत्र्याच्या पिल्लाची आहे. तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटलेला माणूस, आणि पिल्लावरून इतकं मन खातंय? मीही स्वतःला हेच सांगून बघितलं. काही महिने चाललं ते. मग नाही चाललं. कारण गोष्ट पिल्लाची नाहीच, माझ्या वडिलांची आहे. पण तिथवर यायला मला जरा वेळ लागेल. एकदम बोलायला गेलो की भलतंच बोलून जातो — म्हणून आधी इकडचं तिकडचं सांगतो.

माझा धंदा जनावरांच्या विम्याचा. गायी, म्हशी, शेळ्या. राहतो जळगावात, पण बावीस वर्षं फिरतोय ते जामनेर, पहूर, त्या बाजूच्या खेड्यांतून. गोठ्यात जायचं, जनावराचा फोटो काढायचा, कानाला नंबराचा बिल्ला मारायचा, कागदावर सह्या घ्यायच्या. बिल्ला मारताना गाय एकदा जोरात मान झटकते, मग गप्प उभी राहते. त्याची मला इतकी सवय झालीय की मी तेव्हा तिच्या डोळ्यांकडे बघतसुद्धा नाही.

आणि निघताना, हेल्मेट डोक्यावर चढवता चढवता, मी प्रत्येकाला एक गोष्ट सांगायचो. हळू आवाजात, दोस्तीतलं म्हणून. विम्याच्या पहिल्या पंधरा दिवसांत जनावर आजारी पडलं तर कंपनी काही देत नाही. तेव्हा, "भाऊ, पंधरा दिवस जरा दमानं घ्या. काही वाटलं तरी डॉक्टरला बोलवायची घाई नको. कागदावर तारीख पडली की संपलं." लोक मान डोलवायचे. दुसरा चहा मागवायचे. सुरेशभाऊ आपला माणूस आहे, म्हणायचे. मला ते फार आवडायचं. कुठल्या गोठ्यात कुठली गाय ती तारीख उलटायची वाट बघत मेली, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं का असलं काही?

आता नाना. माझे वडील. शिंदखेड्याजवळच्या आमच्या खेड्यात त्यांनी आयुष्यभर कापूस आणि बाजरी केली. आई गेल्यावर मी त्यांना जळगावला घेऊन आलो. बैलजोडी विकली, दाराला कुलूप लावलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांना आणून बसवलं. बसवलं हाच शब्द बरोबर आहे. त्यांना करायला काही नव्हतं. दिवसाला मोजून पाच-सहा वाक्यं बोलायचे, तीही अहिराणीत. मी शहरात येऊन अहिराणी सोडली. ते त्यांच्या बोलीत बोलायचे, मी मराठीत उत्तर द्यायचो. आमचं कायम असंच.

त्यांचा एकच नेम शिल्लक राहिला होता. पहिली भाकर गायीची, शेवटली कुत्र्याची. गावात हे घरोघरी पाळतात. जळगावात गाय कुठून आणणार? पण जेवण झालं की चतकोर भाकर हातात घेऊन ते दोन जिने उतरायचे आणि एखादं कुत्रं येईपर्यंत फाटकाशी उभे राहायचे. कधी कधी अर्धा अर्धा तास. माझी बायको सुनीता वरून हाका मारायची, नाना, ऊन लागेल! ते ऐकू न आल्यासारखं करायचे.

म्हणून केतकीने, आमच्या मुलीने, पुण्याला नोकरीवर जायच्या आधी धुळ्याच्या मैत्रिणीकडून ते पिल्लू आणलं. लॅब्राडॉरचं, तपकिरी रंगाचं. दीड-दोन महिन्यांचं असेल. तिने नाव ठेवलं कोको. नानांनी त्याला उचलून डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, "सरकीनी ढेपना रंग शे याना." सरकीच्या पेंडीला आमच्याकडे ढेप म्हणतात. झालं, त्या दिवसापासून ते ढेप्या. आठवडाभरात नाना दिवसाला पन्नास वाक्यं बोलायला लागले, सगळी त्याच्याशी. पावसाचं बोलायचे, विकलेल्या बैलांचं बोलायचे. एकदा मी दाराआडून ऐकलं, ते त्याला आईचं सांगत होते. मी आत गेलो नाही. माझ्याजवळ ते आईबद्दल एक शब्द बोलले नव्हते, आणि मला — खरं सांगू का — त्या पिल्लाचा हेवा वाटला.

मग विम्याचं निघालं. केतकीने पुण्याहून फोनवर पाठवलं की बाबा, कुत्र्यांचाही विमा असतो, काढून टाका. घरात आठ दिवस हाच विषय. सुनीताचं म्हणणं, आपल्या दोघांच्या आरोग्य विम्याचा पत्ता नाही आणि निघाले कुत्र्याचा काढायला. नाना तर हसायलाच लागले. "कुत्राना बी इमा ऱ्हास का रे भो?" आई गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना असं हसताना बघितलं.

काढावा की नाही? मी ठरवू शकत नव्हतो, कारण धंदा माहीत होता. चष्मा लावून तीन-चार कंपन्यांच्या अटी वाचल्या. गायीच्या कानाला बिल्ला असतो. इथे बिल्ला नाही, नुसते फोटो — समोरून, बाजूने, नाकाचा जवळून. अपघात लगेच धरला जाणार, पण आजारपण तीस दिवसांनंतर. आणि त्या तीस दिवसांत जे काही दिसेल ते जुनं दुखणं ठरणार, पुढे जन्मभर त्याचं काही मिळणार नाही. वाचताना मी मनात हसलो होतो. जुनीच ओळख, फक्त पंधराचे तीस.

शेवटी काढला. सगळ्यांना मी सांगितलं, नानांसाठी काढतोय. ढेप्याला काही झालं तर त्यांना सोसणार नाही. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. मला मिरवायचं होतं. पहूरला चहाच्या टपरीवर मोबाइल पुढे करून सांगायचं होतं की बघा, कुत्र्याचासुद्धा काढलाय, तुम्ही अजून म्हशीच्या विम्याला कां-कूं करताय! आणि मिरवलंही.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी ढेप्याने दूध सोडलं.

सुनीता तेव्हा धुळ्याला होती, बहिणीच्या घरच्या लग्नासाठी, चार दिवस. घरात मी आणि नाना. नानांनी त्याच्या नाकाला बोट लावलं, कान चाचपले, पोट दाबून बघितलं. सबंध आयुष्य जनावरांत काढलेला माणूस — त्यांना एका मिनिटात कळलं. "याले आज डॉक्टरकडे लई जाय. नाक कोरडं शे, पोट बी तपेल शे."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. खरंच बघितलं. दोन दिवस राहिले होते.

मी म्हणालो, उन्हाचं असेल. आणि पुढे म्हणालो, काल तुम्ही त्याला कळण्याची, उडीद घातलेली भाकर दिलीत ना दुधात कुस्करून? ती बाधली असेल. लहान पिल्लाला असलं देतात का? एक दिवस उपाशी ठेवू, मीठ-साखरेचं पाणी पाजू. हे मी नुसतं त्यांना गप्प करायला म्हणालो. वेळ मारून न्यायला तोंडात आलं ते बोललो. भाकर त्यांनी घासभर दिली होती, आणि ती रोजच द्यायचे. पण नाना आपल्या हातांकडे बघत बसले.

तुम्ही विचाराल, पैशांची अडचण होती का? नव्हती. डॉक्टर लांब होता का? दुचाकीवर दहा मिनिटं. पहिली लस दिलेली होती, दुसरीची तारीख त्याच आठवड्यात होती, म्हणजे जायचं तर होतंच. मग? मग काही नाही. अंगात मुरलेली हुशारी. बावीस वर्षं जे लोकांना सांगितलं ते स्वतःच्या घरात मोडायचं कसं? दोन दिवस तर दोन दिवस. जनावर दोन दिवस काढतं, असं मी शेकडो वेळा म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. मी सकाळी तशीच फरशी पुसली आणि पहूरला निघालो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की बिल्ले मारायचा चिमटा घरीच राहिला. परत फिरलो.

आता सांगतो ते. इथेच मला यायचं होतं आणि इथेच यायचं नव्हतं.

फाटकाशी नाना उभे होते. डोक्यावर टोपी, पायात चपला, छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू. ऐंशीच्या घरातला माणूस, दोन जिने उतरून, रिक्षा थांबवायला एक हात वर करून. टॉवेलावर रक्ताचे डाग होते. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर इतकं बरं वाटल्याचं दिसलं! "बरं झालं तू उना. याले रगत पडी ऱ्हायनं. मी लई जास, तू कामले जाय. कोनता डॉक्टर, तेवढं रिक्षावाल्याले सांगी दे."

एक रिक्षा थांबलीही होती. मी तिला हाताने पुढे जायला सांगितलं.

मग मी खिशातून मोबाइल काढला. नंबर लावल्यासारखं केलं. कानाला लावला. आणि रस्त्यावर उन्हात उभा राहून, माझ्या बापाच्या डोळ्यांसमोर, मी कुणाशीही न बोलता बोललो. "हॅलो डॉक्टरसाहेब... हो का... अच्छा, उद्यापण नाही? परवा सकाळी? बरं बरं." फोन ठेवून नानांना सांगितलं, डॉक्टर बाहेरगावी गेलेत, परवाशिवाय येत नाहीत. नानांनी विचारलं, दुसरा कोनी नही का? मी म्हणालो, कुत्र्यांचा हा एकच चांगला आहे, बाकीचे गायी-म्हशींचे.

त्यांनी विश्वास ठेवला. न ठेवायचं कारणच काय? मुलगा या धंद्यातला, शहरातला, हातात फोन असलेला. ते वळले आणि कठड्याला धरत, मधेमधे थांबत, पिल्लू घेऊन दोन जिने परत चढले. मी मागून चढलो. मी त्यांच्या हातातून ते घेतलंही नाही. वर गेल्यावर चिमटा उचलला आणि पहूरला जाऊन सात म्हशींना बिल्ले मारले.

तो दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस नाना त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते. चमच्याने पाणी घालायचे, ते बाहेर यायचं, पुसायचे, पुन्हा घालायचे. जेवले नाहीत. मी जेवलो.

एकतिसाव्या दिवशी सकाळी डॉक्टरने दवाखाना उघडला तेव्हा मी पायरीवर उभा होतो. नानांना मी बरोबर घेतलं नाही, कारण ते खरं बोलले असते. डॉक्टरने पिल्लाच्या पापण्या उलटून बघितल्या आणि विचारलं, कधीपासून? मी सांगितलं, आज पहाटेपासून. त्याने माझ्याकडे बघितलं. शांतपणे म्हणाला, दोन-चार तासांत पिल्लू असं होत नाही. पहिल्या दिवशी आणलं असतंत तर सलाइनवर वाचायची बरीच आशा होती. पिल्लांचा तो नेहमीचा रोग, जुलाब-उलट्यांचा, त्याने नावही सांगितलं. कागदावर मात्र मी सांगितली तीच तारीख लिहिली, वरच्या कोपऱ्यात. मला हवी होती तशी. दुपार व्हायच्या आधी ढेप्या गेला.

सलाइनचं आणि औषधांचं बिल विम्याच्या हप्त्याएवढंसुद्धा झालं नाही. मी ते कंपनीला पाठवलंच नाही. याचं श्रेय मला देऊ नका. छाती झाली नाही, एवढंच.

त्याला त्याच टॉवेलात घरी आणलं. नाना दारातच उभे होते. टॉवेल बघून त्यांना कळलं. रडले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "मी भाकर दिधी म्हनीसन का रे?"

बघा, काय सोपं होतं. नुसतं "नाही" म्हणायचं होतं. दोन अक्षरं. खरं सगळं सांगायचीही गरज नव्हती. रोग होता, कुणाचा दोष नव्हता, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या मनात चोर होता. नाही म्हटलं तर ते पुढे विचारतील — मग कशानं? आणि कशानं विचारलं की दिवस निघतील, फाटक निघेल, फोन निघेल. मी म्हणालो, "असेल, नाना." आणि तेवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, "डॉक्टरपण तेच म्हणाले."

हीच ती कबुली. पिल्लू मी मारलं ते मारलंच, पण त्याचं मरण मी माझ्या बापाच्या हातावर ठेवलं.

केतकीला फोनवर मी तेच सांगितलं, सुनीता धुळ्याहून आली तिलाही तेच. दोघीही नानांना एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट समजूत घातली. नाना, तुम्हाला काय माहीत, तुम्ही मायेनंच दिली ना. ही समजूत रोज त्यांच्या जखमेवर मीठ चोळत होती आणि मी तिथेच वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचो. त्यांनी शेवटली भाकर ठेवणं सोडलं. जिना उतरणं सोडलं. फाटकाशी दुपारची कुत्री येऊन वर बघत बसायची आणि नाना खिडकी लावून घ्यायचे. आणि मी? शेतकऱ्यांना तो सल्ला देणं तरी बंद केलं का? नाही. लगेच नाही. आणखी वर्षभर देत होतो.

पुढे केतकीचं लग्न झालं. ढेप्या गेल्यावर दोन वर्षांनी तिला मुलगा झाला. उष्टावण आमच्याकडेच केलं. बाळाला पहिला घास मामाने भरवायचा असतो. केतकीला भाऊ नाही, म्हणून ठरलं की घरातला सगळ्यात मोठा हात लागू दे. पणजोबांचा. नानांना नवं धोतर नेसवलं, पाटावर बसवलं, बाळ मांडीवर दिलं. खिरीची चांदीची वाटी पुढे केली. नानांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

आधी सगळे हसले. लाजतायत नाना! मग केतकीने चमचा त्यांच्या हातात द्यायला त्यांचा हात पुढे ओढला, तर त्यांनी मूठ आवळून घेतली. ते हळूच म्हणाले, "मन्हा हातघाई नको, माय. धाकला जीव शे." माझ्या हातून नको. सगळ्यांना कारण माहीत होतं, म्हणजे मी सांगितलेलं कारण माहीत होतं. ज्या माणसाने सत्तर वर्षं गाय, बैल, कुत्रं, चिमणी, वाटसरू, कुणाकुणाला खाऊ घातलं, तो आपल्या पणतवाला खिरीचा थेंब द्यायला भीत होता. तेव्हा तरी? पंधरा-वीस माणसं होती, मी एक वाक्य बोललो असतो तर सुटले असते ते. मी पुढे झालो, चमचा घेतला आणि बाळाला घास भरवला. टाळ्या वाजल्या. नाना बाळाकडे बघत होते आणि त्याच्या तोंडातून खीर ओघळली तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

गेल्या वर्षी ते न्हाणीत पडले आणि मग उठलेच नाहीत. एके दुपारी मी त्यांचं अंग पुसत होतो. सुनीता स्वयंपाकघरात होती. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि ते बोलणं त्यांनी फार दिवस साठवून ठेवलेलं असावं, कारण एकदा सुरू झाल्यावर ते अडखळले नाहीत. म्हणाले, "सुरेश, त्या मुका जीवनं पाप मन्हा माथे शे. तुम्ही कोनी बोलले नही, पन माले समजस. तुमना बठ्ठासना जीव लागेल व्हता त्यावर. माले माफ करी दे, भाऊ."

ओलं फडकं माझ्या हातात होतं. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय म्हणतो त्याची वाट बघत.

मी म्हणालो, "केलं, नाना. माफ केलं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझा हात त्यांनी आपल्या कपाळाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्यानंतर सहा दिवसांनी ते गेले. त्या सहाही दिवसांत ते शुद्धीवर होते, त्यांना नीट ऐकू येत होतं, आणि मी रोज त्यांच्या उशाशी बसत होतो.